खोकल्याचा हिशेब

व्यापारी घरात वाढलेल्या माणसाला एक सवय जन्मजात असते. रोजमेळ जुळला नाही, तर पाच रुपयांच्या फरकासाठीही तो वही मिटत नाही. ती रक्कम कोणत्या खात्यातली आणि कोणत्या दिवशीची, याचा छडा लावूनच तो उठतो. शरीराच्या बाबतीत मात्र हाच माणूस कमालीचा बेहिशेबी असतो. खोकला आला की तो सर्दीच्या नावे टाकायचा, नाहीतर थंडीच्या, तेही जमले नाही तर दुकानातील मिरचीच्या धुळीच्या नावे टाकायचा, आणि बाटलीतले दोन चमचे औषध घेऊन कामाला लागायचे, ही रीत घराघरांत आढळते. साध्या खोकल्यात ती खपून जाते. अन्ननलिकेच्या शस्त्रक्रियेनंतर मागे राहणाऱ्या खोकल्यात ती खपत नाही, कारण त्या खोकल्याचे खातेच निराळे असते.

नाशिकच्या रविवार कारंजा परिसरात किराण्याची घाऊक पेढी चालविणारे एक गृहस्थ आहेत. वय पासष्टच्या आसपास. घरात आणि पेढीवर सगळे त्यांना बाबूजी म्हणतात. काही वर्षांपूर्वी त्यांचा घास छातीत अडकू लागला. आधी भाकरी, मग फुलका, पुढे मऊ खिचडीसुद्धा पाण्याच्या घोटाशिवाय उतरेना. तपासणीत अन्ननलिकेचा कर्करोग निघाला. पंचवटी एक्स्प्रेसने दादर आणि तेथून परळ, ही वाट नाशिककरांच्या कैक घरांना ठाऊक आहे. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालेले टाटा स्मारक रुग्णालय तेव्हापासून महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातील कर्करुग्णांचा आधार झाले आहे. बाबूजींच्या फेऱ्याही त्याच वाटेने झाल्या. शस्त्रक्रिया झाली, गाठ गेली, अहवाल निर्वेध आला. घरच्यांनी आयंबिलाचे नवस फेडले.

खोकला मात्र राहिला. दिवसा थोडा, जेवणानंतर अधिक आणि रात्री एक-दीडच्या सुमारास इतका, की उठून बसावे लागे. घशाशी आंबट, कधी कडू पाणी येई. प्रथम त्यांनी आपले अंथरूण बैठकीच्या खोलीत हलविले, म्हणजे घरच्यांची झोप मोडू नये. मग धाकटा नातू जवळ येऊ लागला की ते स्वतःच मागे सरू लागले. पेढीवर गिऱ्हाइकाशी दोन वाक्ये बोलली की उबळ येई आणि समोरचा माणूस, करोनाच्या दिवसांची आठवण ताजी असल्याने, नकळत एक पाऊल मागे जाई. स्थानकात ते पहिल्या रांगेतून दाराजवळच्या रांगेत गेले, आणि एके दिवशी प्रवचनाला जाणेच थांबले. पर्युषण तोंडावर आले होते. पेढीच्या किल्ल्या मुलाच्या हाती देताना त्यांनी फक्त “आता तूच बघ” एवढेच म्हटले. रोग परत आला असावा, ही शंका घरात प्रत्येकाच्या मनात होती. उच्चारली मात्र कोणीच नाही.

या मौनाच्या काळात उपायांची वाण पडली नाही. एकाने सुंठ-मिऱ्यांचा काढा सांगितला, दुसऱ्याने हळदीचे दूध, तिसऱ्याने ज्येष्ठमध. कोणी झोपेसाठी गुंगी आणणारे खोकल्याचे औषधही आणून दिले. काढ्याने घशाची आग वाढली. गुंगीच्या औषधाने दोन रात्री बऱ्या गेल्या आणि तिसऱ्या दिवशी ताप भरला.

असे का व्हावे, हे समजण्यासाठी शस्त्रक्रियेत नेमके काय होते ते पाहिले पाहिजे. अन्ननलिका म्हणजे घशापासून जठरापर्यंत जाणारी सुमारे २५ सेंटिमीटर लांबीची स्नायूंची नळी. तिच्या खालच्या टोकाशी स्नायूंचे एक वर्तुळ असते. घास खाली जाताना ते उघडते आणि लगेच मिटते. जठरातील आम्ल वर येऊ नये म्हणून निसर्गाने बसविलेले हे दार आहे. कर्करोगासाठी अन्ननलिकेचा मोठा भाग काढावा लागतो, तेव्हा हे दारही जाते. १९१३ साली न्यूयॉर्कमध्ये फ्रान्झ टोरेक यांनी छातीतील अन्ननलिका यशस्वीपणे काढली, तेव्हा त्या रुग्ण स्त्रीला शरीराबाहेरून बसविलेल्या रबरी नळीतून अन्न जठरात पोहोचवावे लागे. तरीही ती दहा वर्षांहून अधिक काळ जगली. पुढे १९४६ मध्ये आयव्हर लुईस यांनी पोट आणि छाती अशा दोन्ही बाजूंनी करावयाच्या शस्त्रक्रियेची पद्धत मांडली. आज बहुतेक ठिकाणी जठराचीच अरुंद नळी करून ती छातीत वर ओढतात आणि उरलेल्या अन्ननलिकेला छातीत किंवा मानेत जोडतात.

म्हणजे पोटात असणारे जठर आता छातीत बसते. पोटातील दाब छातीतील दाबापेक्षा अधिक असतो, त्यामुळे आतील द्रव वर ढकलला जातो. जठराची हालचाल सांभाळणाऱ्या नसा शस्त्रक्रियेत कापाव्या लागतात, म्हणून ते सावकाश रिकामे होते. दार नाही, दाब वरच्या दिशेने आणि कोठार उशिरा रिकामे होणारे. अशा स्थितीत माणूस आडवा झाला की द्रव घशापर्यंत पोहोचतो, त्याचा एखादा थेंब स्वरयंत्राला शिवतो आणि उबळ येते. तेव्हा हा खोकला म्हणजे श्वासनलिकेच्या तोंडाशी बसलेल्या राखणदाराची हाक असते. गुंगीचे औषध देणे म्हणजे दार मोडलेल्या कोठीच्या राखणदाराला झोपविणे होय. कोडीनसारखी औषधे जठराची हालचालही मंदावतात. डॉक्टरांनी विचारपूर्वक दिली तर गोष्ट वेगळी. शेजाऱ्याच्या सांगण्यावरून ती कधीही घेऊ नयेत.

बाबूजींच्या घरी या गुंत्याची पहिली गाठ सोडविली ती थोरल्या सूनबाईंनी. लग्नापूर्वी त्या एका सनदी लेखापालांच्या कचेरीत काम करीत. एका सकाळी त्या कोरी वही घेऊन समोर बसल्या.

“बाबूजी, खोकला किती येतो हे आपण सगळे सांगतो, केव्हा येतो हे कोणालाच सांगता येत नाही. पंधरा दिवस लिहून काढू या.”

“बेटा, खोकल्याची काय रोकडवही लिहायची?”

“लिहायची. तुम्हीच म्हणता ना, लिहिलेले तेच खरे.”

वहीत पाच रकाने पडले: वेळ, काय व किती खाल्ले, खाल्ल्यावर किती वेळाने खोकला आला, त्या वेळी देह कसा होता, आणि खोकला कोरडा की घशाशी पाणी आणणारा. पंधरा दिवसांत पानांनी आपणहून बोलायला सुरुवात केली. नात्यातल्या लग्नाहून रात्री उशिरा जेवून आल्यावर सर्वांत वाईट रात्र गेली होती. बासुंदी खाल्ली त्या दिवशी अर्ध्या तासात घाम, धडधड आणि जुलाब झाले होते. खाखरा आणि चिवडा यांच्या कणांनी लगेच ठसका लागला होता. जेवणानंतर वाकून वंदना केली, त्या त्या वेळी आंबट पाणी वर आले होते. गादीवर मांडी घालून, पुढे वाकून वही लिहिली तरी तेच. आणि ज्या दोन दिवशी ते सूर्यास्तापूर्वी थोडेसेच जेवले होते, त्या दोन्ही रात्री अंथरुणातून उठावे लागले नव्हते.

पुढच्या तपासणीला ही वही सोबत नेली. डॉक्टरांनी छाती तपासण्याआधी ती वाचली. छातीचे चित्रण झाले, दुर्बीण घालून जोड पाहिला गेला. रोग परतल्याचे कोणतेही चिन्ह नव्हते. हे ऐकल्यावर बाबूजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मनातील सर्वांत मोठी बुडीत रक्कम वसूल झाल्यासारखा तो क्षण होता.

त्यानंतरचे उपचार औषधांपेक्षा घराच्या घड्याळावर अधिक अवलंबून होते. आम्ल कमी करणाऱ्या पँटोप्राझोलसारख्या गोळ्या दिल्या जातात. त्या साधारणतः खाण्यापूर्वी अर्धा तास घ्यावयाच्या असतात. परंतु त्या आम्लाची धार कमी करतात, प्रवाह थांबवीत नाहीत. शिवाय लोकभाषेत आम्लालाच पित्त म्हणत असले, तरी यकृतातून येणारे खरे पित्त वेगळे, आणि ते कडू द्रव्य या गोळ्यांनी कमी होत नाही. प्रवाह अडविण्याचे काम गुरुत्वाकर्षणालाच करावे लागते. म्हणून अशा रुग्णाने कधीही सपाट झोपू नये. दोन-तीन उशा रचून केवळ मान वर केली तर देह मध्येच मुडपतो आणि पोटावर उलट दाब येतो. पलंगाच्या डोक्याकडील पायांखाली लाकडी ठोकळे द्यावेत किंवा कमरेपासून उतरती अशी घट्ट गादी करून घ्यावी, म्हणजे धड सलग तिरपे राहते. बाबूजींच्या पलंगाखालचे ठोकळे पेढीवरच्या जुन्या खोक्यांच्या फळ्यांतून निघाले.

आहाराचा नियम थोडे आणि वारंवार असा. दोन भरपेट जेवणांऐवजी दिवसातून सहा-सात वेळा वाटीभर अन्न: थुली, वरणात भिजविलेला फुलका, मऊ खिचडी, मुगाचे धिरडे, ताक. घास बारीक चावावा, ताठ बसून खावे, खाताना बोलू नये. पाणी जेवणासोबत गटागटा न पिता अर्ध्या तासाच्या अंतराने घोट घोट घ्यावे. गोड पदार्थ चमचाभरच, कारण साखर आतड्यात एकदम उतरल्याने घाम व धडधड होते. खाल्ल्यावर पाऊण तास तरी वाकू नये, शक्य तर संथ पावलांनी फिरावे. निजण्यापूर्वी तीन तास पोटात काही जाऊ नये. जठर लहान झाल्याने आणि शाकाहारामुळे ब-१२ जीवनसत्त्व व लोह यांची तूट संभवते. त्यांची रक्ततपासणी वेळोवेळी करून घ्यावी.

ही यादी वाचताना जैन घरातील कोणालाही जाणवेल की यातील बरेचसे त्याच्या घरात आधीपासून आहे. नाशिकला डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जूनच्या अखेरीस सव्वासातच्या आसपास. चौविहार पाळणारा माणूस दहा वाजता निजला, तरी पोट आणि झोप यांत उन्हाळ्यात पावणेतीन-तीन व हिवाळ्यात चार तासांचे अंतर सहज पडते. सहा बाह्य तपांत अनशनानंतर लगेच येणारे ऊणोदरी तप म्हणजे भुकेपेक्षा कमी खाणे. शास्त्रांत पुरुषाचा पूर्ण आहार ३२ घासांचा मानून त्याहून उणे करण्याच्या पायऱ्या सांगितल्या आहेत. हे नियम आत्मशुद्धीसाठी आहेत, खोकल्यावरचे औषध म्हणून नव्हेत. तरीही ज्या शिस्तीसाठी इतर रुग्णांना नवी सवय लावून घ्यावी लागते, ती येथे संस्कारातच मिळते, हा लाभ लहान नाही.

मात्र याच संस्कारात दोन खड्डेही आहेत. पहिला आग्रहाचा. पाहुण्याच्या ताटात चौथी पोळी वाढली नाही तर यजमानाला कमीपणा वाटतो, आणि “एवढेसे खाऊन माणूस उभा कसा राहील?” या वाक्याने भले भले डॉक्टर हरतात. अशा रुग्णाला आग्रह करणे हे प्रेम नव्हे, हे घरातील स्त्रियांनी आणि पंगतीत वाढणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. दुसरा खड्डा तपाच्या हौसेचा. बाबूजींनी तीस वर्षे संवत्सरीचा उपवास चुकविला नव्हता. त्या वर्षीही त्यांनी निश्चय बोलून दाखविला आणि घरात वाद झाला. शस्त्रक्रियेनंतर वजन अकरा किलोंनी उतरलेले. दिवसभर निराहार राहिले तर अशक्तपणा, आणि पारण्याच्या दिवशी भुकेच्या भरात एकदम खाल्ले तर रात्रभर खोकला. मुलगा रागावला, धर्मपत्नी रडल्या, बाबूजी गप्प बसले.

हा पेच चातुर्मासासाठी विराजमान असलेल्या साध्वीजींपुढे गेला. त्यांनी आधी प्रकृतीची सर्व विचारपूस केली आणि मग शांतपणे सांगितले, “श्रावकजी, तप शक्तीनुसार सांगितले आहे. पच्चक्खाणात आगार कशासाठी ठेवले? देहाची समाधी ढळू नये, औषध घ्यावे लागले तर घेता यावे, यासाठीच. तुम्ही रोज ऊणोदरी करता, तेही तपच आहे.” सूर्यास्तानंतर गोळी घ्यावी लागत असेल तर चौविहाराऐवजी तिविहार करावा, म्हणजे पाण्याची मोकळीक राहते, हेही त्यांनी सुचविले.

जाताना त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला, “स्थानकात का येत नाही?”

बाबूजी संकोचाने म्हणाले, “सामायिकात खोकला येतो, महासतीजी. इतरांचे ध्यान मोडते. पाप लागते.”

साध्वीजी हसल्या. कायोत्सर्गापूर्वी तुम्ही जो पाठ म्हणता त्याचा अर्थ आठवा, असे त्यांनी सांगितले. देह स्थिर ठेवण्याची प्रतिज्ञा करताना त्या पाठात काही गोष्टींची सूट आधीच मागितलेली आहे: उच्छ्वास, निःश्वास, खोकला, शिंक, जांभई, ढेकर, चक्कर. देहाच्या स्वाधीन नसलेल्या या क्रियांनी कायोत्सर्ग भंगत नाही. आठव्या वर्षापासून पाठ असलेल्या त्या सूत्रात आपल्या खोकल्याची नोंद आहे, हे बाबूजींच्या कधी ध्यानातच आले नव्हते. संवत्सरीच्या दिवशी ते स्थानकात गेले. उपवास केला नाही. प्रतिक्रमणात तीन वेळा खोकला आला, आणि शेजारी बसलेल्या वृद्ध श्रावकांनी सरकण्याऐवजी आपल्या आसनाची कड त्यांच्याकडे सारून जागा करून दिली.

समाजाने एवढे करावे, ही अपेक्षा मोठी नाही. असा खोकला संसर्गाचा नसतो. रुग्णाला दाराजवळ, टेकून बसता येईल अशी खुर्ची द्यावी. वंदना जेवणापूर्वी करावी किंवा बसूनच हात जोडावेत. घरातील धूप-अगरबत्तीचा धूर आणि मसाल्याच्या दुकानातील धूळ यांपासून त्याला दूर ठेवावे. आणि “अजून खोकला गेला नाही का?” हा प्रश्न दर भेटीत विचारू नये.

तथापि प्रत्येक खोकला सोसण्याजोगा मानणे हीसुद्धा चूक ठरेल. पाणी किंवा पातळ पदार्थ पिताच ठसका लागणे आणि आवाज बसलेला असणे ही स्वरतंतूंच्या नसेला इजा झाल्याची खूण असू शकते. गिळण्याचे व्यायाम शिकविणारे तज्ज्ञ त्यावर मदत करतात. घास पुन्हा अडकू लागला तर जोड आकसला असण्याचा संभव असतो. दुर्बिणीतून तो रुंद करता येतो. ताप, हिरवट-पिवळा बेडका, धाप, थुंकीतून रक्त, वजनात सतत घट, किंवा प्रत्येक घोटाबरोबर न चुकता येणारा खोकला, यांपैकी काहीही दिसले तर वेळ न घालविता शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांकडे जावे. दोन आठवड्यांहून जुन्या खोकल्यात क्षयाचीही तपासणी आवश्यक असते. आणि रक्तदाबासाठी रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिल यांसारखी गोळी चालू असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण त्या गोळ्यांनीही कोरडा खोकला येतो. मात्र ती स्वतः होऊन बंद करू नये. खोकल्याचे खाते एकच असते असे नाही, म्हणून नोंद हवी.

शस्त्रक्रियेनंतरचा असा खोकला अनेकांत काही महिन्यांनी ओसरतो, काहींच्या सोबतीला वर्षानुवर्षे राहतो. बाबूजींचा पूर्ण गेलेला नाही. थंडीत तो वाढतो, एखाद्या समारंभातील चुकीची शिक्षा रात्री मिळते. परंतु अंथरूण बैठकीतून परत आपल्या खोलीत आले आहे. पेढीवर ते सकाळी तीन तास बसतात. गादीवर नव्हे, ताठ पाठीच्या खुर्चीवर. दहा वाजता त्यांच्यासाठी थुलीची वाटी येते, आणि कितीही गिऱ्हाइके असली तरी ती संपेपर्यंत ते बोलत नाहीत. जुन्या गिऱ्हाइकांना आता हे ठाऊक झाले आहे, ते थांबतात. सायंकाळी सूर्य कलला की धाकटा नातू घड्याळ पाहून हाक मारतो, “दादाजी, जेवणाची वेळ झाली!” आणि सूनबाईंची ती वही अजून चालू आहे, फक्त आताशा तिच्यातील बरीच पाने कोरी राहतात.